विहिरीतील पाणीपातळी आणि जलधरातील दाब : मोजणी कशी करावी, आकडा कसा वाचावा

एकाच आवारात दहा पावलांच्या अंतरावर दोन विंधन विहिरी असाव्यात, एकीत पाणी १२ मीटरवर लागावे, दुसरीत ३१ मीटरवर, आणि दोन्ही मोजण्या अचूक असाव्यात, हे भूजलाच्या कामात नित्याचे आहे. जमिनीखाली पाण्याची एकच सपाट पातळी असते असे मानणाऱ्याला हा फरक कोड्यात टाकतो. प्रत्यक्षात विहीर ही दाब दाखवणारी नळी आहे. तिचे तोंड ज्या थरात उघडे असते त्या थरातील पाण्याच्या दाबाला पुरेल इतक्या उंचीपर्यंत पाणी तिच्यात चढते आणि तिथे थांबते. वरच्या दोन विहिरी दोन वेगळ्या थरांत उघडतात, त्या थरांतले दाब वेगळे आहेत, म्हणून पातळ्या वेगळ्या आहेत. या लेखातील प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे, आणि पाणीपातळीच्या नोंदींत आढळणाऱ्या बहुतेक चुकाही तिचा विसर पडल्यानेच होतात.

पहिली पायरी : विहीर कोणत्या जलधराला लागली आहे ते ठरवणे

पाणी साठवू शकणारा आणि ते विहिरीला देऊ शकणारा खडकाचा किंवा गाळाचा थर म्हणजे जलधर. मुक्त जलधरात पाण्याचा वरचा पृष्ठभाग मातीतल्या किंवा मुरमातल्या पोकळ्यांमधून हवेशी जोडलेला असतो, त्यामुळे विहिरीतील पातळी आणि भोवतालच्या जमिनीतील पाण्याची पातळी साधारण एकच असते. बंदिस्त जलधराच्या डोक्यावर चिकणमातीचा किंवा अभेद्य खडकाचा थर झाकणासारखा बसलेला असतो. दूरवरच्या उंच भागात मुरलेले पाणी त्या झाकणाखाली दाबाने कोंडलेले असते, आणि बोअरने झाकण भेदले की पाणी थराच्या छताच्या बरेच वर चढून येते. चढण्याची उंची जमिनीच्याही वर असेल तर विहीर पंपाशिवाय वाहू लागते. फ्रान्समधील आर्त्वा प्रांतावरून अशा विहिरींना आर्टेशियन हे नाव पडले. पॅरिसमधील ग्रनेल येथे सात वर्षांहून अधिक काळ चाललेल्या खोदाईनंतर १८४१ मध्ये सुमारे ५४८ मीटर खोलीवरून पाणी उसळून वर आले, ते याच तत्त्वाने.

हा भेद केवळ नावापुरता नाही. पातळी एक मीटरने खाली गेली तर किती पाणी निघाले, याचे उत्तर दोन्ही प्रकारांत कमालीचे वेगळे येते. मुक्त जलधरात पातळी उतरते तेव्हा पोकळ्या खरोखर रिकाम्या होतात. वाळूच्या थरात दर चौरस मीटरमागे एक मीटर उतारासाठी १०० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी मिळू शकते, तर भेगाळ कठीण खडकात ते १० ते ३० लिटरच्या घरात राहते. बंदिस्त जलधर मात्र उपसा करूनही भरलेलाच असतो. दाब कमी झाल्याने पाणी किंचित फुगते, थराचा सांगाडा किंचित आवळतो, आणि तेवढ्यातून जे सुटते तेवढेच हाती लागते. पातळी एक मीटर उतरताना दर चौरस मीटरमागे किती घनमीटर पाणी सुटते, त्या आकड्याला संचय गुणांक म्हणतात. तो ०.०००२ असेल तर दर चौरस मीटरला एक मीटर उतारामागे फक्त ०.२ लिटर. म्हणूनच बंदिस्त जलधरात थोड्या उपशानेही पातळी झरझर उतरते आणि तिचा परिणाम थोड्या वेळात दूरपर्यंत पोहोचतो.

विहीर कोणत्या प्रकारात मोडते हे कळण्यासाठी खोदाईच्या वेळची थरनोंद, केसिंगची म्हणजे बोअरच्या भिंतीला आधार देणाऱ्या पाइपची खोली आणि जाळीचा म्हणजे छिद्रांच्या पाइपचा भाग कुठून कुठपर्यंत आहे, ही माहिती हवी. पाणी ज्या खोलीवर लागले त्याच्या बरेच वर येऊन थांबले, अशी खोदाईच्या वेळची आठवण कोणी सांगितली तर ती बंदिस्तपणाची महत्त्वाची खूण समजावी. केसिंग थोड्याच खोलीपर्यंत असून खाली अनेक भेगांना भेदत गेलेल्या उघड्या बोअरमध्ये मात्र पातळी कोणत्याच एका थराची नसते. वरच्या भेगेतून पाणी आत येते, खालच्या भेगेत निघून जाते, आणि दिसणारी पातळी त्या सगळ्यांची सरमिसळ असते. अशा बोअरची नोंद ठेवावी, पण तिच्यावरून दाबाचा नकाशा काढू नये.

दुसरी पायरी : संदर्भबिंदू पक्का करणे

टेप धरायचा ती जागा दर वेळी तीच असली पाहिजे. केसिंगच्या ओठावर किंवा विहिरीच्या कठड्यावर रंगाने बाण काढावा, शक्य असल्यास छिन्नीने खाच पाडावी, आणि त्या बिंदूची जमिनीपासूनची व समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवून ठेवावी. उंची लेव्हल यंत्राने किंवा अचूक उपग्रह सर्वेक्षणाने घ्यावी, कारण साध्या मोबाइलने मिळणाऱ्या उंचीत काही मीटरची चूक सहज असते आणि विहिरींमधला खरा फरक अनेकदा मीटरभरसुद्धा नसतो. कठडा पुन्हा बांधला किंवा केसिंग कापले गेले तर जुना बिंदू कधी बदलला आणि किती बदलला, हे त्याच दिवशी लिहावे. तसे न केल्यास काही वर्षांनी नोंदवहीत पातळी एका रात्रीत ४० सेंटिमीटर चढलेली दिसते आणि कोणालाच कारण सापडत नाही.

तिसरी पायरी : प्रत्यक्ष मोजणी

पंप बंद करून पातळी स्थिर होईपर्यंत थांबावे. किती वेळ थांबायचे याचा ठरावीक आकडा नाही. दर दहा मिनिटांनी मोजून लागोपाठच्या तीन मोजण्या जुळल्या की पातळी स्थिर झाली असे धरावे. शेजारच्या विहिरीवर पंप चालू असेल तर तेही लिहावे. केसिंगचे टोपण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा किंवा बाहेर सुटल्याचा आवाज आला, तर टोपण हवाबंद होते आणि आतली पातळी बाहेरच्या हवेशी जुळलेली नव्हती असा अर्थ होतो. थोडा वेळ जाऊ द्यावा आणि नंतर टोपणाला बारीक छिद्र पाडून घ्यावे.

सर्वांत भरवशाची पद्धत आजही पोलादी टेप आणि खडूची आहे. टेपच्या टोकाला ओळंब्यासारखे वजन बांधावे, खालच्या दीड-दोन मीटरवर कोरडा खडू घासावा आणि टेप सावकाश सोडावा. वजन पाण्याला टेकल्याचा हलका आवाज आल्यावर आणखी थोडा टेप सोडून पूर्ण मीटरची खूण संदर्भबिंदूवर आणावी, क्षणभर धरावी आणि टेप वर ओढावा. जिथपर्यंत पाणी लागले तिथपर्यंत खडू गडद होतो, आणि त्याची कड वाळण्याआधी मिलिमीटरपर्यंत वाचता येते. समजा बिंदूवर १६.०० मीटरची खूण होती आणि ओली कड १.१५ मीटरवर आली, तर पाणी बिंदूपासून १४.८५ मीटर खाली आहे. लगेच दुसऱ्यांदा मोजावे, पण या वेळी बिंदूवर वेगळी खूण धरावी, म्हणजे वाचनातली चूक पुन्हा तशीच होणार नाही. दोन उत्तरांत एक सेंटिमीटरहून अधिक अंतर पडले तर तिसरी मोजणी आवश्यक आहे.

विजेच्या टेपचा प्रोब पाण्याला टेकला की बझर वाजतो. खोल बोअरसाठी आणि भराभर मोजण्यासाठी हे साधन उत्तम, पण ते पाणी आणि पाणीपातळी यांत भेद करत नाही. एका बोअरमध्ये मी बझर ऐकून १८ मीटर लिहिले होते, आणि आठवड्याने त्याच बोअरमध्ये खडूच्या टेपने ३३ मीटर आले. वरच्या भेगेतून झिरपणारे पाणी भिंतीवरून ओघळत प्रोबवर पडत होते, आणि त्या आठवड्याची नोंद मला खोडावी लागली. तेव्हापासून मी प्रोब बझर वाजल्यावरही मीटर-दोन मीटर खाली सोडतो. आवाज अखंड राहिला तर पातळी खरी, तुटक झाला तर ओघळ. पंपाच्या वंगणाचे तेल पाण्यावर तरंगत असेल तरीही प्रोब फसतो. बोअरमध्ये पंपाच्या पाइपाशेजारी टोकापर्यंत एक बारीक नळी कायमची सोडून ठेवली तर हे दोन्ही त्रास बरेच कमी होतात आणि टेप केबलमध्ये अडकण्याची भीतीही राहत नाही.

टेप आत जाऊच शकत नसेल तर हवेच्या नळीची पद्धत वापरावी. ठाऊक असलेल्या खोलीपर्यंत बारीक नळी सोडून तिच्यात हातपंपाने हवा भरावी. नळीतले पाणी पूर्ण बाहेर ढकलले गेले की दाबमापकाचा काटा स्थिरावतो आणि नळीच्या टोकावर किती उंचीचे पाणी आहे ते सांगतो. १ बार म्हणजे सुमारे १०.२ मीटर पाणी. नळी ३० मीटर असून काटा १.२० बारवर थांबला, तर टोकावर १२.२४ मीटर पाणी आहे आणि पातळी १७.७६ मीटरवर आहे. ही पद्धत टेपइतकी बारीक नाही. काटा ०.०२ बारने चुकला तरी उत्तरात २० सेंटिमीटर फरक पडतो.

आपोआप वाहणाऱ्या विहिरीत दाबच मोजावा लागतो. तोंडाशी झडप आणि दाबमापक बसवून झडप अगदी हळू बंद करावी. झटक्याने बंद केल्यास पाण्याचा तडाखा बसून पाइप फुटू शकतो, आणि केसिंगभोवतीचे सिमेंट कमकुवत असेल तर पाणी बाहेरच्या बाजूने वाट काढून जमीन उखडते. केसिंगच्या कडेने ओल दिसू लागली तर झडप ताबडतोब उघडावी. काटा ०.३५ बार दाखवत असेल, तर पाणी मापकाच्या उंचीपासून आणखी ३.५७ मीटर वर चढले असते.

सुरक्षिततेबद्दल एकच गोष्ट, पण ती टाळता येणारी नाही. मोजणीसाठी खोल, बंद किंवा जुन्या विहिरीत उतरू नये, कारण तळाशी प्राणवायू कमी असू शकतो आणि उतरणाऱ्याला ते कळायच्या आत शुद्ध हरपते. टेप एका विहिरीतून दुसरीत नेण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने धुवावा.

चौथी पायरी : खोलीचे हेडमध्ये रूपांतर

जमिनीपासूनची खोली दोन विहिरींची तुलना करायला निरुपयोगी असते, कारण जमीनच समतल नसते. तुलना हेडची करायची. पंपावरच्या पाटीमुळे हा शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे. इथे त्याचा अर्थ विहिरीत पाणी ज्या पातळीला थांबले तिची समुद्रसपाटीपासूनची उंची. संदर्भबिंदू ५६२.४० मीटरवर आणि पाणी त्याखाली १४.८५ मीटर, म्हणजे हेड ५४७.५५ मीटर.

या हेडचे दोन भाग पडतात : विहिरीचे तोंड जलधरात ज्या उंचीवर उघडते ती उंची, आणि तिथल्या दाबाने वर चढलेला पाण्याचा स्तंभ. जाळीचा मध्य ५०१.९५ मीटर उंचीवर असेल, तर स्तंभ ४५.६० मीटरचा आहे. दर मीटरला ९.८१ किलोपास्कल या हिशेबाने त्या ठिकाणी दाब सुमारे ४४७ किलोपास्कल, म्हणजे जवळपास ४.५ बार येतो. पाणी खारे असेल तर त्याच दाबाला स्तंभ आखूड लागतो, त्यामुळे खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या विहिरींची तुलना घनतेचा हिशेब केल्याशिवाय करू नये.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भूजल जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते असे सर्रास म्हटले जाते, ते खरे नाही. भरलेल्या टाकीत तळाचा दाब पृष्ठभागापेक्षा जास्त असतो, तरी तळाचे पाणी वर धावत नाही, कारण उंची आणि दाब मिळून होणारे हेड सगळीकडे सारखेच असते. पाणी वाहते ते जास्त हेडकडून कमी हेडकडे. याच कारणाने शेजारच्या दोन नळ्यांपैकी २० मीटरवर उघडणारीत हेड ५४७.५५ आणि ६० मीटरवर उघडणारीत ५४५.१५ असेल, तर खाली दाब कितीतरी अधिक असूनही पाणी वरून खाली पाझरत असते. ४० मीटरमध्ये २.४० मीटर, म्हणजे उभा उतार ०.०६. उलट खोल नळीत हेड जास्त असेल तर खालचे पाणी वर येऊ पाहत आहे, आणि ओढ्यांच्या, झऱ्यांच्या आसपास बहुधा हेच दिसते.

पाचवी पायरी : हवेच्या दाबाचा हिशेब

मुक्त जलधरात हवेचा दाब विहिरीवर आणि भोवतालच्या पाण्यावर जवळपास सारखाच पडतो, म्हणून पातळी फारशी हलत नाही. बंदिस्त जलधरात मात्र हवेच्या भाराचा काही वाटा वरच्या झाकणाचा आणि थराचा सांगाडा पेलतो, तर उघड्या विहिरीतल्या पाण्यावर तो पूर्ण पडतो. परिणामी हवेचा दाब वाढला की विहिरीतली पातळी उतरते आणि दाब घटला की चढते. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने बदलणे म्हणजे १०.२ सेंटिमीटर पाणी. या बदलाचा किती वाटा विहिरीतल्या पातळीत उमटतो, ते प्रमाण म्हणजे जलधराची वायुदाब क्षमता. ती ५० टक्के असेल तर पातळी त्याच्या निम्मी, सुमारे ५ सेंटिमीटर, उलट दिशेने सरकते. वादळी हवा येण्याआधी दाब घसरतो तेव्हा पाऊस पडण्यापूर्वीच विहिरीत पाणी चढलेले दिसते, आणि पाहणाऱ्याला ते पुनर्भरण वाटते.

पाण्यात सोडून ठेवायच्या दाबनोंदक यंत्रांबाबत हे विशेष सांभाळावे. हवेची नळी केबलमधून वर आणलेले यंत्र फक्त पाण्याचा दाब दाखवते, तर बंद यंत्र पाणी आणि हवा या दोहोंचा मिळून. बंद यंत्र वापरल्यास शेजारी हवेचा दाब नोंदणारे दुसरे यंत्र ठेवून वजाबाकी करावी आणि दर भेटीत टेपने घेतलेल्या पातळीशी ताळा जमवावा. बंदिस्त जलधरातली विहीर इतकी संवेदनशील असते की जवळून जाणाऱ्या आगगाडीचा भारही क्षणभर पातळी वर उचलतो, आणि १९६४ च्या अलास्कातील भूकंपाने हजारो किलोमीटर दूरच्या विहिरींतले पाणी हेलकावले होते. नोंदीत एखादे टोक अचानक आले तर ते खोडण्याआधी त्या वेळी काय घडले ते शोधावे.

सहावी पायरी : तीन विहिरींवरून प्रवाहाची दिशा

एकाच जलधराच्या, एका सरळ रेषेत नसलेल्या तीन विहिरी पुरतात, मात्र तिन्ही शक्यतो एकाच दिवशी मोजलेल्या हव्यात. समजा हेड ५४७.५५, ५४६.०५ आणि ५४४.५५ मीटर आहेत आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी हेडच्या विहिरींत ६०० मीटर अंतर आहे. या दोघींना जोडणाऱ्या रेषेवर मधल्या विहिरीइतके, म्हणजे ५४६.०५ हेड कुठे येईल ते काढावे. इथे ते बरोबर मध्यावर, ३०० मीटरवर येते. मधली विहीर आणि हा बिंदू जोडला की समान हेडची रेषा मिळते, आणि तिला काटकोनात, कमी हेडच्या बाजूने प्रवाहाची दिशा असते. जास्त हेडच्या विहिरीपासून या रेषेपर्यंतचे लंबांतर २४० मीटर भरले, तर उतार १.५० भागिले २४०, म्हणजे ०.००६२५.

वेगासाठी फ्रेंच अभियंता आंरी दार्सीने १८५६ मध्ये दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात मांडलेला नियम वापरावा. थराची पारगम्यता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, दिवसाला १० मीटर असेल तर उताराने गुणून ०.०६२५ मीटर येते, आणि पाणी फक्त पोकळ्यांतून जात असल्याने ०.२ या परिणामी सच्छिद्रतेने, म्हणजे पाणी वाहू देणाऱ्या पोकळ्यांच्या थरातील वाट्याने, भागले की प्रत्यक्ष वेग दिवसाला सुमारे ०.३१ मीटर, वर्षाला ११४ मीटर पडतो. प्रदूषण विहिरीपर्यंत कधी पोहोचेल याचा पहिला अंदाज इथूनच मिळतो. भेगाळ खडकात मात्र पाणी भेगांच्या दिशेने धावते, तिथे हे उत्तर सावधपणे घ्यावे.

सातवी पायरी : उपसा करून जलधराची ताकद पाहणे

पंप सुरू करण्यापूर्वीची स्थिर पातळी नोंदवून उपसा एकाच वेगाने चालू ठेवावा आणि पातळी सुरुवातीला दर मिनिटाला, पुढे पाच, दहा, तीस मिनिटांनी मोजावी. सेकंदाला ६ लिटर उपशाने पातळी ३ मीटर उतरून टिकली, तर विहीर दर मीटर उतारामागे सेकंदाला २ लिटर देते. वर्षानुवर्षे हाच आकडा घसरत गेला आणि स्थिर पातळी मात्र पूर्वीइतकीच राहिली, तर दोष जलधरात नसून जाळी बुजण्यात आहे.

पातळीतला उतार वेळेच्या लघुगणकी कागदावर, म्हणजे ज्यावर १, १०, १०० मिनिटे समान अंतरावर येतात अशा कागदावर, मांडला की काही वेळाने सरळ रेषा मिळते. ही सोपी रीत अमेरिकी भूजलतज्ज्ञ कूपर आणि जेकब यांनी १९४६ मध्ये मांडली. वेळ दहापट होताना पडलेला उतार ०.८० मीटर आणि उपसा दिवसाला ५१८.४ घनमीटर असेल, तर ०.१८३ ला उपशाने गुणून उताराने भागावे. उत्तर दिवसाला सुमारे ११९ चौरस मीटर येते, आणि हीच जलधराची वहनक्षमता, म्हणजे त्याच्या पूर्ण जाडीतून पाणी वाहू देण्याची क्षमता. पंप बंद केल्यानंतर पातळी भरून येतानाच्या मोजण्या मला अधिक विश्वासार्ह वाटतात, कारण तेव्हा पंपाचा वेग कमीजास्त होण्याचा आणि पाण्याच्या खळबळीचा प्रश्नच उरत नाही.

रुंद खोदविहिरीला ही रीत जशीच्या तशी लावू नये. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीत २८ हजार लिटरहून अधिक पाणी असते, म्हणून सुरुवातीचा उपसा जलधराचा नसून विहिरीतल्या साठ्याचा असतो. तिथे पंप थांबवून भरण पाहावे. अर्ध्या तासात पातळी १० सेंटिमीटर चढली, तर झऱ्यांतून मिनिटाला सुमारे ९४ लिटर पाणी येत आहे. पातळी जसजशी वर येईल तसतसा हा वेग मंदावतो, म्हणून तो कोणत्या पातळीला मोजला हेही लिहावे.

आठवी पायरी : वर्षांची नोंद वाचणे

पावसाळ्याआधीची पातळी पावसाळ्याआधीच्या पातळीशीच ताडून पाहावी. दोन वेगळ्या ऋतूंतल्या आकड्यांवरून घट किंवा वाढ ठरवणे चूक आहे. दर वर्षी पाणी चढते, पण उन्हाळ्याच्या शेवटची पातळी मागच्या वर्षापेक्षा खाली जात राहते, तेव्हा उपसा पुनर्भरणाला मागे टाकत आहे असे समजावे.

बंदिस्त जलधरात, विशेषतः चिकणमातीच्या थरांसोबत, दाब घटण्याचा आणखी एक परिणाम होतो. वरच्या जमिनीचा भार पाणी आणि मातीचे कण मिळून पेलत असतात. पाण्याचा दाब कमी झाला की कणांवरचा भार वाढतो, चिकणमाती दबते आणि जमीन खचते. कॅलिफोर्नियातील सान वाकीन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात काही ठिकाणी जमीन सुमारे ९ मीटर खाली गेली. पुढे दाब पुन्हा वाढला तरी दबलेल्या चिकणमातीतल्या पोकळ्या बहुतांशी परत उघडत नाहीत, त्यामुळे विहिरीतली पातळी जुन्या खुणेला येऊन पोहोचली तरी त्या थरातला साठा पूर्वीइतका नसतो. म्हणून अशा भागात संदर्भबिंदूची उंची दर काही वर्षांनी, न खचणाऱ्या खडकावरच्या खुणेपासून, नव्याने मोजून घ्यावी आणि मधल्या काळातील सर्व हेड त्यानुसार दुरुस्त करावेत.